प्रीति, कर्तव्य आणि लोकरीति

अमेरिकन कादंबऱ्या वाचूं लागलेल्या आमच्या विद्यार्थ्यांपैकीं पुष्कळांची अशी समजूत असते कीं, ज्याला जें वाटेल तें त्यानें करावें, कोणीं कोणास विचारूं नये, असाच त्या देशाचा क्रम पूर्वापार चालत आला असावा. ही समजूत चित्रपटांनीं करून दिलेली आहे. नथॅनिएल हॉथॉर्न, मार्क ट्वेन व ईडिथ व्हॉर्टन यांचे ग्रंथ उघडून पाहावे, म्हणजे 'लोक काय म्हणतील' हा आपल्या घरोघरीं ऐकूं येणारा प्रश्न त्यांत पदोपदीं भेटतो. म्हणून हे ग्रंथ आपल्या हरिभाऊ आपट्यांच्या व डॉक्टर केतकरांच्या कादंबऱ्यांशेजारीं ठेवून वाचावे, असें आम्ही सुचवितों. तसें वाचलें असतां एक गोष्ट ध्यानांत येते. लोकरीति क्वचितच स्वतःच्या नांवानें येते. ती कर्तव्याचें नांव घेऊन येते, आणि बहुधा आपल्यावर माया करणाऱ्या माणसांच्या तोंडून बोलते. मग खरें कर्तव्य कोणतें, व त्याचा वेष घेतलेली रीत कोणती, हें ओळखावें कसें?

प्रथम मार्क ट्वेनचा हकलबरी फिन घेऊं. कारण तो आमच्या वाचकांच्याच वयाचा, तेराचौदा वर्षांचा मुलगा आहे. हें पुस्तक अमेरिकेंत १८८५ सालीं निघालें. गुलामगिरी बंद होऊन तेव्हां वीस वर्षें लोटलीं होतीं. परंतु कथा घडते ती त्यापूर्वींच्या काळांत. जिम नांवाचा एक गुलाम मिस वॉट्सन या आपल्या मालकिणीकडून पळाला आहे, आणि मिसिसिपी नदीवर एका तराफ्यावर हक त्याच्या सोबतीला आहे. दुसऱ्याच्या गुलामाला पळून जाण्यास साहाय्य करणें ही चोरी, व असें पाप करणारा नरकांत जाणार, ही शिकवण हकच्या मनांत पक्की बसली आहे. शेवटीं तो मालकिणीला जिमचा पत्ता कळविणारें पत्र लिहितो, आणि त्याचें मन हलकें होतें. पण पत्र समोर ठेवून बसला असतां त्याला जिम आठवूं लागतो. आपली झोप मोडूं नये म्हणून आपल्या वांटणीचाही पहारा करणारा, धुक्यांत चुकामूक होऊन पुन्हां भेट होतांच आनंदानें भारावून जाणारा जिम! हक पत्र हातांत घेतो, क्षणभर श्वास रोखून धरितो, आणि नरकांत जावें लागलें तरी बेहत्तर, असा निश्चय करून तें फाडून टाकितो.

आपण सत्कृत्य करीत आहों, हें या मुलाला ठाऊकच नाहीं. आपण पाप करीत आहों, अशीच त्याची खात्री आहे. आमच्यासारख्या ख्रिस्ती शाळेंत हा प्रसंग वाचतांना थोडें थबकावें लागतें, व थबकावें हेंच बरें. कारण मिस वॉट्सन ही हकला प्रार्थना शिकविणारी, धर्मनिष्ठ बाई आहे. प्रार्थना शिकविणें व माणूस विकण्याचा विचार करणें, या दोन्ही गोष्टी तिच्या एकाच घरांत सुखानें नांदत होत्या.

आतां आपल्याकडे वळूं. हरिभाऊंची 'पण लक्षांत कोण घेतो' ही कादंबरी १८९० पासून त्यांच्याच 'करमणूक' पत्रांतून क्रमशः प्रसिद्ध होऊं लागली. विधवांच्या पुनर्विवाहाला मान्यता देणारा कायदा १८५६ सालींच झाला होता. परंतु यमूच्या घरांत तो कायदा पोंचलाच नाहीं. तिचा पति रघुनाथराव तिला प्रेमानें लिहावयास-वाचावयास शिकवितो. थोडे दिवस तिला सुखाचे लाभतात. आणि त्याच्या मृत्यूनंतर वरून धर्मनिष्ठेचा आव आणणारे शंकरमामंजी तिचें बळजबरीनें केशवपन करवितात. कुळाची अब्रू, शास्त्र, वडिलांचा शब्द, सर्व मोठमोठीं नांवें तेथें उच्चारलीं जातात. यमूच्या इच्छेचा प्रश्न मात्र कोणाच्या मनांतही येत नाहीं. हरिभाऊंनीं ही कथा खुद्द यमूच्याच तोंडून सांगवली आहे. ज्या मुखाला घरांत ब्र काढण्याची मुभा नव्हती, त्याच मुखानें सर्व महाराष्ट्राशीं बोलावें, हें त्या काळीं लहानसहान धाडस नव्हतें. आणि कादंबरीबाहेर काय घडत होतें? १८९३ सालीं धोंडो केशव कर्व्यांनीं एका विधवेशीं विवाह केला, तेव्हां त्यांच्या मुरूड गांवानें त्यांना वाळीत टाकिलें.

यमूशेजारीं हॉथॉर्नच्या हेस्टर प्रिनला बसवून पाहावें. 'द स्कार्लेट लेटर' ही कादंबरी १८५० सालची असून तिची कथा सतराव्या शतकांतील बॉस्टन येथें घडते. लग्नबंधनाबाहेर मूल झाल्याबद्दल हेस्टरनें छातीवर लाल रंगाचें एक अक्षर जन्मभर वागवावें, अशी शिक्षा तिला होते. मुलीच्या पित्याचें नांव ती सांगत नाहीं. तो तर गांवाला पूज्य असलेला धर्मोपदेशक आहे! न्याय करणाऱ्यांविषयीं लिहितांना हॉथॉर्नच्या मनांत स्वतःच्या घराण्याचाही सल होता, कारण त्याचा एक पूर्वज १६९२ सालच्या सेलम येथील चेटकिणींच्या खटल्यांत न्यायाधीश होता. परंतु आमच्या मतें या ग्रंथाचा उत्तम भाग अगदीं शेवटीं आहे. हेस्टर दूर देशीं जाते, तिची मुलगी तेथें सुखांत राहते, आणि पुष्कळ वर्षांनीं हेस्टर एकटीच बॉस्टनला परत येऊन तेंच अक्षर पुन्हां धारण करिते. आतां तिच्यावर कोणाचीही सक्ति नाहीं. दुःखी स्त्रिया तिच्याकडे सल्ला विचारावयास येतात. कापडाचा तुकडा तोच. पहिल्यानें तो लोकांनीं लादला होता, आतां तिनें आपण होऊन घेतला आहे. वर विचारलेल्या प्रश्नाचा धागा आम्हांला येथें सांपडतो. कर्तव्याची किंमत करणारा स्वतः देतो; रीतीची किंमत बहुधा दुसऱ्याकडून वसूल केली जाते.

आणि पुष्कळदां ती पुढच्या पिढीकडूनही वसूल होते. डॉक्टर श्रीधर व्यंकटेश केतकर हे अमेरिकेंतील कॉर्नेल विद्यापीठांत शिकले. हिंदुस्थानांतील जातिसंस्थेवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९०९ सालीं निघाला. आणि पुढें ज्ञानकोशाच्या कार्याचा आरंभ त्यांनीं आमच्या या नागपुरांतच केला. १९२० सालीं त्यांनीं ज्यू घराण्यांतील एका विदुषीशीं विवाह केला, तेव्हां लोकरीतीची धार त्यांनीं स्वतः अनुभवली असलीच पाहिजे. त्यांच्या 'ब्राह्मणकन्या' (१९३०) या कादंबरींतील कालिंदी हिचा स्वतःचा कांहींएक अपराध नसतां, आजीच्या आयुष्यांतील डाग तिच्या लग्नाच्या आड येतो. केतकरांची भाषा रूक्ष आहे व मध्येंच ते व्याख्यान देऊं लागतात, हें खरें; पण समाज हिशेब कसा ठेवितो, हें त्यांच्याइतकें स्पष्टपणें फार थोड्यांनीं मांडलें आहे.

आतां राहिल्या ईडिथ व्हॉर्टन. 'दि एज ऑफ इनोसन्स' ही त्यांची कादंबरी १९२० सालीं निघाली, आणि पुढच्याच वर्षीं तिला पुलित्झर पारितोषिक मिळालें. यांत वस्तरा नाहीं, लाल अक्षर नाहीं. कोणी मोठ्यानें बोलतही नाहीं. १८७० नंतरच्या न्यूयॉर्कमधील सुखवस्तु घराणीं, उत्तम भोजनें आणि मधुर भाषण! न्यूलंड आर्चर या तरुण वकिलाचा मे वेलंड हिच्याशीं विवाह ठरला आहे. तिची मामेबहीण एलन दुष्ट पतीला सोडून युरोपांतून परत येते. तिनें घटस्फोट घेतल्यास घराण्याची नालस्ती होईल, म्हणून घरची मंडळी आर्चरलाच मध्यें घालतात. तो तिचें मन वळवितो, आणि ती ऐकते. पुढें तो तिच्यावर अनुरक्त होतो, तेव्हां वाट त्यानेंच बंद करून ठेविलेली असते. शेवटीं एलनच्या निरोपाची थाटाची मेजवानी होते, आणि सर्व आप्तेष्ट हंसतमुखानें तिला दूर पाठवितात. तिजला असें जाण्यास भाग पाडणारी बातमी मे हिनेंच दिलेली असते: आपल्याला मूल होणार आहे, असें तिनें एलनला सांगितलें तेव्हां तिला स्वतःलाही त्याची पक्की खात्री नव्हती. मे दुष्ट नाहीं. ती आपला संसार राखीत होती.

पालकांनीं हें पुस्तक अवश्य वाचावें. आमच्या रामदासपेठेंत शंकरमामंजींचा वस्तरा आज कोणाच्या घरीं नाहीं; येथील पाट्या दवाखान्यांच्या व शिकवणीवर्गांच्या आहेत. परंतु मुलानें काय शिकावें, मुलीनें कोणत्या घरीं जावें, हें ठरतांना जेवणाच्या टेबलाभोंवतीं जो गोड स्वर निघतो, तो न्यूयॉर्कच्या त्या मेजवानींतील स्वराहून किती निराळा असतो, हें ज्याचें त्यानें पाहावें. त्याबरोबरच व्हॉर्टनबाईंनीं तराजूचें दुसरें पारडेंही रिकामें ठेविलेलें नाहीं, हेंही विसरूं नये. आर्चर चांगला पिता होतो, नगराच्या उपयोगी पडतो, मेच्या मृत्यूनें त्याला खरोखर दुःख होतें; हें सर्व त्यानें रीतीच्या कुंपणाआंत राहूनच मिळविलेलें आहे.

सव्वीस वर्षांनीं, सत्तावन्नाव्या वर्षीं, तो मुलासह पॅरिसला जातो. मे आतां हयात नाहीं. एलन वरच्या मजल्यावर राहते, आणि दोघांना तिनें बोलाविलें आहे. मुलगा वर जातो. आर्चर खालीं बाकावर बसून तिच्या खिडकीकडे पाहत राहतो. दिवे लागतात, नोकर येऊन खिडकी लावून घेतो, आणि तो उठून एकटाच आपल्या हॉटेलाकडे चालूं लागतो. त्याला वर जाण्यापासून आतां कोणी अडविलें होतें?