संकेतस्थळाचे नूतनीकरण आणि जुने पत्ते

संकेतस्थळाचे नूतनीकरण झाले की पानांचे पत्ते बहुधा बदलतात. परिपत्रकात छापलेल्या जुन्या पत्त्यावर शिष्यवृत्तीचा अर्ज शोधणाऱ्या पालकास मग ‘४०४’ हा आकडा तेवढा दिसतो. गूगलसारख्या शोधयंत्रात त्या पानाने मिळविलेले स्थानही जाते. यास्तव प्रत्येक जुन्या पत्त्यावरून त्याच विषयाच्या नव्या पानाकडे ‘३०१’ या संकेताने कायमचे पुनर्निर्देशन करावे. ‘३०२’ हा संकेत तात्पुरत्या बदलापुरता आहे. सर्वच जुने पत्ते मुखपृष्ठाकडे वळविण्याची सोपी वाट काही वेळा सुचविली जाते. ती स्वीकारू नये. अशी पाने शोधयंत्र हरवलेलीच समजते. ही व्यवस्था किमान एक वर्ष राखावी, असे गूगल सुचविते. परिपत्रके त्याहून अधिक काळ फायलींत राहतात, तेव्हा शासकीय कार्यालयांनी ती काढूच नये.