पत्ता म्हणजे घर नव्हे
(सी भाषेतील मेमरी, पॉइंटर आणि इनपुट)



मागे एकदा आम्ही संगणक कक्षात प्रात्यक्षिक पाहत उभे होतो. नाव व वय विचारणारा छोटा सी प्रोग्रॅम होता. एका विद्यार्थिनीने नाव आणि आडनाव टंकून एंटर दाबले, तर वय टंकायला न थांबताच प्रोग्रॅम संपला. पडद्यावर वय आले बत्तीस हजारांच्या वर! वर्गात हशा पिकला. तिने वही दाखवली. प्रोग्रॅम फळ्यावरून जसाच्या तसा उतरवलेला होता. दोष तिचा नव्हता, न समजता उतरवून घेण्याच्या सवयीचा होता. म्हणून हा पाठ.

१) मेमरी : संगणकाची मेमरी म्हणजे ओळीने बांधलेल्या खोल्या. प्रत्येक खोलीत एक बाइट मावतो आणि प्रत्येक खोलीला क्रमांक असतो. 'इंट' प्रकारच्या संख्येला आजच्या बहुतेक संगणकांवर ४ खोल्या लागतात, जुन्या टर्बो सीमध्ये २ लागत. म्हणून आकडा पाठ करू नये, 'साइझऑफ' वापरून मोजावा.

२) पॉइंटर : पोस्टमनच्या हातातील पाकिटावर घराचा पत्ता असतो, घर नसते. पॉइंटरमध्येही असाच पत्ता असतो. '&' हे चिन्ह व्हेरिएबलचा पत्ता देते, तर '*' हे त्या पत्त्यावर जाऊन आत काय आहे ते पाहते. 'स्कॅनएफ'ने वय वाचायचे तर '&' लावतात, कारण वाचलेले कुठे नेऊन ठेवायचे हे त्याला सांगावे लागते. ते विसरलो, तर वयाच्या खोलीत पडलेली जुनी संख्याच पत्ता समजली जाते आणि पाकीट भलत्याच घरी जाते. नावाच्या ॲरेला '&' लागत नाही, कारण तिथे ॲरेचे नावच पहिल्या खोलीचा पत्ता देते.

३) जागा : हे आपल्या शिरगावला वेगळे सांगायला नको. खाणी जोरात चालत तेव्हा ट्रकमध्ये जास्त भरलेले खनिज रस्त्यावर सांडे आणि सर्वांना दिसे. सी भाषेत सांडलेले दिसत नाही, ते मुकाट्याने शेजारच्या खोल्यांत शिरते.

समजा, नावासाठी १० खोल्या ठेवल्या. रोमन लिपीत 'शिरगावकर' लिहिले तर एस, एच, आय, आर, जी, ए, ओ, एन, के, ए, आर अशी ११ अक्षरे होतात. शब्द संपल्याची खूण असलेले शून्य धरून १२ खोल्या लागतात. देवनागरीत तर अधिक जपावे लागते. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते, काना-वेलांटीसुद्धा! 'शिरगाव' एवढ्याच शब्दाला १८ आणि शून्य धरून १९ बाइट लागतात.

४) मोठा धडा : २ नोव्हेंबर १९८८ रोजी अमेरिकेत रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने सोडलेला 'वर्म' प्रोग्रॅम इंटरनेटवर पसरला. सुमारे ६,००० संगणक अडकल्याचा तेव्हाचा अंदाज होता. त्याच्या अनेक वाटांपैकी एक वाट 'गेट्स' या फंक्शनची होती. 'गेट्स' जागा किती हे विचारतच नाही. ५१२ बाइटांच्या जागेत ५३६ बाइट घुसवले गेले. पुढे २०११ च्या सी मानकातून 'गेट्स' काढून टाकण्यात आले. त्याऐवजी 'एफगेट्स' वापरावे. त्याला जागा सांगावी लागते आणि शून्यासाठी एक खोली तो स्वतः राखतो.

आता त्या मुलीचे कोडे पाहू. 'स्कॅनएफ'मधील '%एस' मोकळी जागा आली की थांबते. त्यामुळे नाव घेतले गेले, आडनाव मागे राहिले आणि तेच वयाच्या प्रश्नाला मिळाले. अक्षरांतून संख्या निघेना, म्हणून वयाच्या खोलीत आधीचा कचरा तसाच राहिला. 'स्कॅनएफ' किती गोष्टी घेतल्या ते परत सांगतो. ते उत्तर १ आहे का, एवढे तपासले असते तर चूक तिथेच पकडली गेली असती.

पालक व विश्वस्तांना विनंती आहे, की जर्नलमध्ये किती प्रोग्रॅम झाले एवढेच विचारू नये. "तुझ्या प्रोग्रॅममध्ये लांब नाव टाकले तर काय होईल?" असेही विचारावे. आज ही मुले सरावासाठी लिहितात, उद्या यांतलेच कोणी दाखले छापणारा प्रोग्रॅम लिहील. दाखल्यावर अर्धे छापलेले आडनाव दुरुस्त करायला एखाद्या घराला किती खेटे घालावे लागतात, हे आम्ही कार्यालयात बसून पाहिले आहे.

स्वाध्याय :
१. आपले पूर्ण नाव देवनागरीत लिहून किती बाइट लागतील ते मोजा.
२. वयाच्या जागी 'दहा' असे अक्षरात टंकल्यास पुन्हा विचारणारा प्रोग्रॅम लिहा.
३. '&' काढून प्रोग्रॅम चालवा, कंपायलर कोणती सूचना देतो ती वहीत उतरवा आणि तिचा अर्थ आपल्या शब्दांत लिहा.