मानवी हक्कांचा आधार कोठे शोधावा?

मानवी हक्कांवर भाषणे पुष्कळ होतात. पण अभ्यास करू पाहणाऱ्या आष्ट्यातील मुलामुलींनी मूळ आधार कोठे शोधावा, हे आम्ही येथे थोडक्यात मांडत आहोत.

प्रथम कराराचे कलम वाचावे. वंशभेद निर्मूलनाचा आंतरराष्ट्रीय करार १९६५ चा. भारताने तो १९६८ साली मान्य केला. त्याच्या पहिल्या कलमात वंश, रंग यांबरोबर ‘जन्मकुळ’ या अर्थाचा शब्द आहे. जात त्यात येते काय? करारावरील समितीने २००२ च्या २९ व्या शिफारशीत ‘येते’ म्हटले. भारत सरकारने ते मान्य केले नाही. दोन्ही बाजू मुळातून वाचाव्यात. करार बंधनकारक असतो, शिफारस त्याचा अर्थ सांगते. गल्लत करू नये. ही कागदपत्रे संयुक्त राष्ट्रसंघाच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात.

मग देशी कायदा पाहावा: संविधानाचे कलम १७, १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा, १९९३ चा मानवी हक्क संरक्षण कायदा. आंतरराष्ट्रीय करार आपल्या न्यायालयात कसा उपयोगी पडतो, हे सर्वोच्च न्यायालयाच्या १९९७ च्या विशाखा निकालात दिसते.

बाबासाहेबांनी १९१९ साली साऊथबरो समितीपुढे आकडेवारीसह म्हणणे मांडले. आपल्या अर्जातही ‘अन्याय झाला’ एवढ्यावर न थांबता कलम, साल व परिच्छेद लिहावा. असा अर्ज सहजासहजी बाजूला सारता येत नाही.