कपाट रिकामं करून सुट्टीवर जा

चि. मनू हिस,


सहावी ते आठवीच्या मुलांना सुट्टीत वाचायला सांगायचं आहे, दहा पुस्तकांची यादी पाठव, असं तू फोनवर म्हणालीस. यादी पाठवत नाही. ‘समग्र शिक्षा’ योजनेतून आलेली पुस्तकं तुझ्या शाळेच्या कपाटात आहेत, हे तूच मागे सांगितलं होतंस. ती मे महिन्यात कुठे असतात? कुलपात. किल्ली मुख्याध्यापकांच्या टेबलात आणि मुलं घरी. वर्षात सगळ्यात जास्त मोकळा वेळ असतो तेव्हाच पुस्तकं बंद, ही उलटी रीत आपण सगळ्यांनी मिळून चालवली आहे. ज्या घरात पंचांग आणि लग्नपत्रिका सोडून छापलेला कागद येत नाही, तिथलं मूल एप्रिलच्या शेवटापासून जूनच्या मध्यापर्यंत एक पानही वाचत नाही, आणि जूनमध्ये आपण त्यालाच विचारतो, ‘विसरलास कसा?’ म्हणून माझं पहिलं सांगणं हेच, की निकालाच्या दिवशी सगळं कपाट मुलांच्या घरी पाठव.

पुस्तकं हरवतील, फाटतील आणि भरपाई तुझ्याकडून घेतील, ही तुझी भीती मला समजते. त्यावर उपाय आहे. मुख्याध्यापकांना विश्वासात घे आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत विषय मांड. सुट्टीत पुस्तकं घरी द्यायची आणि जी परत येणार नाहीत किंवा फाटतील, त्यांचं रीतसर निर्लेखन करायचं, असा ठराव लिहून घे, सह्या घे. सभेला पालक असतात. पुस्तक घरी येणार आहे हे त्यांनाही तिथेच कळेल. आमच्या वाचनालयात निर्लेखनाला काढलेल्या बालविभागातल्या पुस्तकांचे दोन ढीग व्हायचे. एक वाचून वाचून फाटलेल्यांचा, दुसरा कोणी कधी न उघडलेल्या, वाळवीनं खाल्लेल्या पुस्तकांचा. मला हळहळ वाटायची ती दुसऱ्या ढिगाची.

आता कोणतं पुस्तक कोणाला द्यायचं, तो निर्णय तू घेऊ नकोस. एखाद्या दुपारी वर्गात सतरंजी अंथर आणि सगळी पुस्तकं चित्र वर येईल अशी पसरून ठेव. कपाटात पुस्तकाचा नुसता कणा दिसतो, त्यावरून मुलाला काही कळत नाही. दोन तासिका त्यांना हाताळू दे, भांडू दे, बदलू दे. मग ज्याचं त्यानं उचलावं. अमेरिकेत रिचर्ड ॲलिंग्टन आणि ॲन मॅकगिल-फ्रँझन या अभ्यासकांनी फ्लोरिडातल्या गरीब वस्त्यांमधल्या १७ शाळांत हेच केलं. सलग तीन उन्हाळे, दर उन्हाळ्याला १२ पुस्तकं, मुलांनी स्वतः निवडलेली आणि कायमची त्यांचीच. ती मुलं तुझ्या मुलांपेक्षा लहान होती. त्यांनी उचललेल्या पुस्तकांत त्या वेळच्या लोकप्रिय गायकांवरची पुस्तकं बरीच होती, म्हणजे कोणत्याही बाईंनी यादीत घातली नसती अशी. तरीही तीन वर्षांनी ही मुलं वाचनात पुस्तकं न मिळालेल्या मुलांच्या पुढे होती, आणि सगळ्यात जास्त फायदा सगळ्यात गरीब मुलांना झाला. २०१० साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. म्हणून तुझ्या वर्गात कोणी भुताच्या गोष्टी उचलल्या, कोणी धोनीचं चरित्र उचललं, तर ते हातातून काढून ‘हे बघ, हे चांगलं आहे’ असं म्हणू नकोस.

आणि सारांश लिहून आणायला सांगू नकोस. हे मी विनवून सांगते. प्रत्येक पुस्तकाचं नाव, लेखक, तात्पर्य आणि आवडलेला प्रसंग अशी वही केलीस की मुलं वही भरतील, पुस्तक वाचणार नाहीत. एकाची वही पंधरा जण उतरवतील. अर्धं वाचून टाकून दिलेलं पुस्तकही चालेल. एकच पुस्तक चारदा वाचलं तरी चालेल. जूनमध्ये शाळा उघडली की वर्गात नुसतं विचार, ‘कोणाला कोणतं पुस्तक दुसऱ्याला द्यावंसं वाटलं?’ जी मुलं बोलतील ती बोलतील.

या वयाबद्दल मला काळजी वाटते ती वेगळीच. पाचवीपर्यंत वाचनालयात धावत येणारी मुलं सातवी-आठवीत येईनाशी होतात, हे मी वर्षानुवर्षं पाहिलं. तेव्हा त्यांच्या हातात शिष्यवृत्तीची आणि एनएमएमएस परीक्षेची पुस्तकं येतात, आणि गोष्टीचं पुस्तक दिसलं की घरचे म्हणतात, ‘अभ्यास झाला का?’ मुलींना तर त्याआधी भाकरी आणि धाकटी भावंडं असतात. डाळिंबाच्या बागेत कामाला जाणारी मुलंही तुझ्या वर्गात आहेत. त्यांच्याकडे सबंध दुपार मोकळी नसते. त्यांना जाडजूड कादंबरीपेक्षा एका बैठकीत संपणारं काही हवं.

ज्यांना अजून अडखळत वाचावं लागतं, त्यांचं मात्र नाजूक आहे. सातवीतला मुलगा मोठ्या अक्षरांचं, चित्रांचं पातळ पुस्तक सगळ्यांसमोर उचलणार नाही, मरेपर्यंत उचलणार नाही. त्याला बाजूला घेऊन सांग, ‘तुझ्या धाकट्या बहिणीला वाचून दाखवायचं काम तुझं.’ मग माधुरी पुरंदरेंचं ‘राधाचं घर’ किंवा ‘यश’ त्याच्या पिशवीत घाल. तो ते बहिणीसाठी म्हणून चार-पाच वेळा मोठ्यानं वाचेल. ती ‘परत वाच’ म्हणेल, आणि त्याची जीभ सुटेल. त्याचा मान राहील. मोठ्यानं आणि पुन्हा पुन्हा वाचण्याइतका अडखळणाऱ्या मुलाला दुसऱ्या कशाचा उपयोग होत नाही, असं माझं ठाम मत आहे.

तू आटपाडी तालुक्यात आहेस हे तुझं भाग्य समज. व्यंकटेश माडगूळकर तुमच्याच माडगूळचे. ‘माणदेशी माणसं’ १९४९ सालचं पुस्तक, एकेक माणूस काही पानांत संपतो, आणि त्यातला झेल्या तर शाळकरी पोरगाच आहे. आठवीला सुट्टीआधी ‘बनगरवाडी’ची पहिली काही पानं वाचून दाखव. तरुण मास्तर धनगरांच्या वाडीवर शाळा चालवायला येतो आणि पोरं मेंढरांमागे रानात असतात, हे तुझ्या वर्गाला समजावून सांगावं लागणार नाही. मास्तर अडचणीत आला की पुस्तक मिटव आणि म्हण, ‘पुढचं ज्याला हवं त्यानं घेऊन जा.’ शहरातली गोष्ट हवी असेल तर भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे, फुरसुंगीहून पुण्याला शिकायला आलेला. घरात एकटं एकटं राहणारं, फार न बोलणारं मूल वर्गात असेल, तर प्रकाश नारायण संतांचं ‘वनवास’ त्याच्या जवळ नुसतं ठेव. बघ, यादी नको म्हणता म्हणता झालीच थोडी.

वस्त्या लांब लांब आहेत, मुलं सुट्टीत शाळेकडे फिरकणार नाहीत, हेही खरं. म्हणून वस्ती धरून पुस्तकं वाट. दर वस्तीवर एका मुलाला किंवा मुलीला पेटी आणि देवघेवीची वही दे. ग्रंथपाल म्हणून हुशार मूल निवडू नकोस, जरा मागे बसणारं निवड. यात्रेला आणि लग्नांना सोनं-चांदी गाळणाऱ्या गलाईवाल्यांची कुटुंबं तामिळनाडू-केरळातून गावी येतात. त्यांच्या मुलांना मराठी बोलता येतं पण वाचायला जड जातं. ती पोरंही पेटीभोवती बसतील. त्यांना नाही म्हणू नकोस असं ग्रंथपालाला आधीच सांगून ठेव.

आणि मोबाईलशी भांडू नकोस. बालभारतीचं ‘किशोर’ नोव्हेंबर १९७१ मध्ये सुरू झालं, त्याचे जुने अंक इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतात. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर मराठी गोष्टी आहेत. पालकांच्या ग्रुपवर दर रविवारी एकच दुवा टाक, सोबत उपदेश नको.

येत्या सोमवारी एसटीनं एक खोकं पाठवते आहे. फास्टर फेणेची माझ्याकडची पुस्तकं आणि ‘किशोर’चे जुने दिवाळी अंक आहेत. दाखल नोंदवहीत चढवत बसू नकोस, कव्हरं घालू नकोस, लगेच वाट. कंडक्टरला तुझा फोन नंबर देऊन ठेवते. स्टँडवर कोणाला तरी पाठव, खोकं जड आहे.

तुझी,
मावशी