चर्च म्हणजे इमारत की मंडळी?



आपल्या गोव्यात चर्च म्हटले की पांढरीशुभ्र भिंत, पायऱ्या आणि घंटा डोळ्यांपुढे येतात. पण बायबलच्या नव्या करारातील मूळ ग्रीक शब्द आहे ‘एक्लेसिया’, म्हणजे एकत्र बोलावलेली माणसे. मराठी ख्रिस्ती बांधव ‘मंडळी’ म्हणतात. मला तो शब्द अधिक नेमका वाटतो.

मंडळी आली की प्रश्न आला, तिच्याशी बोलायचे कोणत्या भाषेत? इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले. त्यांनी येशूचे चरित्र मराठी ओव्यांत रचले. सुमारे ११,००० ओव्यांचे हे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले गेले, तेही रोमन लिपीत!

पण त्याच काळाची दुसरी बाजूही शिकली पाहिजे. १५६० पासून येथे इन्क्विझिशनचे न्यायालय होते. देवळे पाडली गेली. १६८४ च्या सरकारी फर्मानाने तर लोकांना तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलण्यास सांगितले.

आजचे कॅथलिक चर्च समजण्यासाठी १९६२ ते १९६५ मधील दुसरी व्हॅटिकन परिषद पाहावी लागते. तिने उपासनेत लॅटिनबरोबर लोकभाषांना जागा दिली. श्रद्धेच्या बाबतीत कोणावरही सक्ती होऊ नये, असे १९६५ साली जाहीर केले. मात्र चर्च हे स्वभावतःच प्रेषितकार्य करणारे आहे, हेही तिनेच सांगितले. पालकांच्या मनात शंका येते ती इथेच. आपली श्रद्धा सांगणे वेगळे आणि दुसऱ्याला भाग पाडणे वेगळे. हा फरक प्रत्यक्षात कितपत पाळला जातो, यावरच चर्चची पारख व्हावी. अर्थात हीच कसोटी इतर धर्मसंस्थांनाही लागू आहे.

आज गोव्यात मिस्सा बहुधा कोंकणीत होते, वसईत मराठीत. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’ सिद्ध केले आणि वसईची हिरवाई वाचवण्याच्या लढ्यात ते रस्त्यावर उतरले. २०२० साली उस्मानाबाद (आता धाराशिव) येथील साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. धर्मगुरूला हा मान कशाला, असा आक्षेप तेव्हा काहींनी घेतला होता. २०२४ साली त्यांचे निधन झाले.

या सुट्टीत शेजारच्या ख्रिस्ती आजी-आजोबांना विचारा, लहानपणी लॅटिन मिस्सेत त्यांना काय कळत असे? उत्तर वहीत लिहून आणा.