वहीतल्या लाल खुणांविषयी

पालकहो,

पाचवी ते सातवीच्या मुलांची मराठीची वही घरी आली की तुमची नजर आधी लाल खुणांवर जाते. आवाज चढतो आणि चुकलेला शब्द दहादा लिहायची शिक्षा होते. मूल निमूट लिहिते. पुढच्या निबंधात तोच शब्द पुन्हा तसाच चुकतो. तुम्ही म्हणता, लक्षच नसते. मला तसे वाटत नाही. या वयाच्या मुलाला 'असे का?' याचे उत्तर हवे असते, आणि ते समजण्याइतके ते मोठे झालेले असते.

'फूल' आणि 'फुलाला' हे दोन शब्द त्याच्याबरोबर मोठ्याने म्हणून पाहा. पहिल्यात उकार लांबतो, दुसऱ्यात आखडतो. जसे कानाला ऐकू येते तसेच इथे लिहायचे असते. मूल–मुलाला, वीट–विटेवर, पीठ–पिठात, बहीण–बहिणीला. हा ताल एकदा कानात बसला की असे कितीतरी शब्द सुटतात. शब्दाच्या शेवटच्या वेलांटीचे आणि उकाराचेही तेच: पाणी, लाडू, मी, की. 'आणि' मात्र ऱ्हस्व, तो लक्षात ठेवायचा.

खरी अडचण संस्कृतातून जशाच्या तशा आलेल्या शब्दांची आहे. 'गुण' म्हणताना आपण सगळेच उकार लांबवतो, पण लिहायचा ऱ्हस्व. 'विष'ही तसाच. 'परीक्षा' म्हणताना री आखूड होते, लिहायची मात्र दीर्घ. म्हणजे 'गूण' लिहिणाऱ्या मुलाने नीट ऐकलेले आहे! त्याला पुन्हा नीट ऐकायला सांगून काय होणार? हे शब्द डोळ्यांच्या ओळखीचे व्हावे लागतात आणि ती ओळख भरपूर वाचनातूनच होते. 'फुल पडले' असे लिहिणारे मूल आणि 'गूण मिळाले' असे लिहिणारे मूल, दोघांना एकच औषध लागू पडत नाही. दहादा लिहिण्याच्या शिक्षेत हा फरकच दिसत नाही, म्हणून ती मला नको वाटते.

काही शब्द फोड करून दाखवले की कळतात. 'आशीर्वाद'मधला रफार मुले हमखास 'शि'वर नेऊन ठेवतात. आशीः अधिक वाद, विसर्गाचा र् झाला आणि तो 'वा'च्या डोक्यावर बसला, एवढे सांगितले की पुरते. तत् अधिक ज्ञ, म्हणून 'तज्ज्ञ'. सहावी-सातवीची मुले अशी फोड आवडीने करतात.

घरी 'पानी', 'लोनी' बोलत असतील तर त्यात कमीपणा मानू नका. आजी चुकीचे बोलते असे मुलाला कधीही सांगू नका. घरची बोली घरची, छापील भाषेत 'ण', एवढेच.

नियम माणसांनीच ठरवलेले आहेत, हेही त्याला सांगा. मराठी साहित्य महामंडळाचे नियम १९६२ साली आले, १९७२ साली त्यांत भर पडून ते १८ झाले. त्याआधीच्या पुस्तकांत 'मुलें', 'घरांत' असे न उच्चारले जाणारे अनुस्वार असत. घरात जुने पुस्तक असेल तर दाखवा, मुलांना फार नवल वाटते.

मला काळजी वेगळीच आहे. सारख्या बोलण्यांना भिऊन मुले अवघड शब्द टाळू लागतात. 'जिज्ञासा' मनात येतो, वहीत मात्र उतरत नाही. निबंध निर्दोष होतो आणि निर्जीवही. चुकलेला शब्द उद्या सुधारता येतो, न लिहिलेला शब्द कसा सुधारणार?

म्हणून एक विनंती. पुढच्या वेळी वही हातात घ्याल तेव्हा मुलाला त्याचा निबंध मोठ्याने वाचायला सांगा आणि त्याने काय म्हटले आहे त्यावर आधी बोला. मग दोनच शब्द निवडा, चूक त्याची त्याला शोधू द्या, आणि बाकीच्या लाल खुणा आम्हा शिक्षकांवर सोडा.