थंडीचा खेळ, मायेचा धडा

मार्गशीर्ष लागला कीं बदलापूर-अंबरनाथकडे उल्हास नदीवर पहाटे धुकें उतरतें. घरच्या चार वर्षांच्या भावंडास हा ऋतु कसा शिकवावा? लहान मूल उपदेशापेक्षां खेळानें शिकतें, हें ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनीं १९४५ सालापासून बोर्डीस कार्य करून दाखविलें. त्याच वाटेनें आम्ही एक खेळ सुचवितों.

मुलाचा एक हात उन्हांतल्या व दुसरा सावलींतल्या दगडावर ठेवावा. भेद तें आपण होऊन सांगेल. मग दोन बाहुल्या निजवाव्या, गोधडी मात्र एकच द्यावी. "दुसरीला थंडी वाजत असेल ना?" एवढेंच विचारून स्वस्थ बसावें. मूल दोघींना एका पांघरुणांत घेईल, तेव्हां परोपकाराचें बीज पडलें असें समजावें.

फाळणीनंतर सिंधमधून आलेलीं कुटुंबें कल्याणच्या लष्करी छावणींत राहिलीं. १९४९ सालीं तिला उल्हासनगर नांव मिळालें. बराकींतील त्या पहिल्या हिंवाळ्यांत पांघरुणाचें मोल काय असेल, हें थोरांनीं मनांत आणावें. आजहि वीटभट्टीवर कामास आलेल्यांचीं मुलें झोपड्यांत थंडी काढतात. आंखूड झालेला स्वेटर आपल्या मुलानें स्वतःच्या हातानें तेथें द्यावा. बाहुल्यांच्या खेळाची खरी परीक्षा तीच, असें आम्हांस वाटतें.